हिरव्या गिटारची मान

ही गिटार तुमच्याकडे आली कशी, एवढं एखाद्या वादकाला विचारा आणि खुर्ची ओढून बसा. तासाभराची निश्चिंती. एकानं गिटारच्या बदल्यात मोटरसायकल दिली आणि पुढची चार वर्षं ती गिटार पाठीला लावून पायी हिंडला. एकीनं नवऱ्याला सोडलं तेव्हा घर त्याला दिलं, गिटार स्वतः घेतली, आणि आजही म्हणते की फायद्यात तीच राहिली. एकवीस वर्षं मी या गोष्टी ऐकतेय. आमचं गिटारदुरुस्तीचं दुकान आहे आणि काम करताना माझ्या तोंडात चार-पाच स्क्रू धरलेले असतात. त्यामुळे मला मधे बोलता येत नाही आणि लोक मला फार समजूतदार समजतात.

मला मात्र हा प्रश्न कधी कुणी विचारला नाही. बरोबरच होतं म्हणा. माझ्याकडे गिटारच नव्हती.

दुकान बाबांचं. एकच लांबट खोली, दारावर घंटी, दारातून आत आलं की काउंटर. काउंटरच्या मागे दोन टेबलं, दाराजवळचं माझं आणि खिडकीजवळचं बाबांचं. खिडकीतून समोरचा बसस्टॉप दिसतो. बाबांचं टेबल म्हणजे एक चार बोटं जाडीची फळी आहे, त्यांच्या लग्नाच्याही आधीची. वाद्यं टांगायच्या भिंती तीन. एकीवर दुरुस्तीला आलेली वाद्यं, दुसरीवर दुरुस्त झालेली, आणि तिसरीवर लोकांनी दिली, आम्ही दुरुस्त केली आणि मग न्यायलाच कुणी आलं नाही ती. तिसरीला आम्ही विसरलेल्यांची भिंत म्हणतो.

बाबांचे नियम दोन. एक पाटीवर लिहिलेला: वस्तू वर्ष आणि एक दिवसाच्या आत न्यावी, नंतर ती दुकानाची. दुकानाची झालेली वस्तू आम्ही शाळेला देतो किंवा तिचे सुटे भाग काढतो. दुसरा नियम पाटीवर नाही, तो बाबांनी माझ्या कानात लहानपणापासून ओतलेला आहे. दुरुस्ती करणाऱ्यानं स्वतःचं वाद्य ठेवू नये. ठेवलं की बाकीची परकी वाटायला लागतात, आणि परक्याच्या वस्तूवर कुणी जीव लावून काम करत नाही. आमच्या घरात त्यामुळे साधा माउथ ऑर्गनसुद्धा नाही. आई म्हणायची, हलवायाच्या घरात साखर नाही अशातली गत. बाबा म्हणायचे, साखर दुकानात आहे की.

याशिवाय एक रीत होती. वस्तू परत देताना गिऱ्हाइकाला काउंटरपलीकडे उभं करायचं आणि त्याच्यासमोर ती वाजवून दाखवायची. त्यासाठी बाबांनी अर्ध्या मिनिटाची एक धून बसवली आहे. तिच्यात प्रत्येक तार आणि प्रत्येक फ्रेट, म्हणजे गिटारच्या लांब मानेवरची प्रत्येक आडवी पट्टी, एकदा तरी येते. ऐकायला ती काही बरी नाही. जिन्यावरून भांडी घेऊन उतरताना कुणाचा तरी पाय घसरलाय असं वाटतं. पण एकवीस वर्षांत मी ती हजारो गिटारींवर वाजवली आणि दर वेळी माझी बोटं ताणून ताणून दुखली. माझे हात आईवर गेलेत, आखूड आणि गुबगुबीत. गिटार बनवणाऱ्यांना असे हात जगात असतात हेच ठाऊक नसावं.

मग एक दिवस हिरवी आली.

घेऊन आला तो एक थोराड माणूस. गिऱ्हाइकांची नावं मी विसरते, हात विसरत नाही. यानं काउंटरवर हात ठेवला आणि आमचं चिठ्ठ्यांचं पुस्तक दिसेनासं झालं. मी मनातल्या मनात त्याचं नाव पंजा ठेवून टाकलं. बोटीवर प्रवाशांसमोर वाजवायचं त्याचं काम होतं. गिटार इलेक्ट्रिक, जुनी, फिकट हिरव्या रंगाची, पाठीवर ओरखडेच ओरखडे. “आवाज मधेच जातो,” तो म्हणाला. मी चिठ्ठी फाडली, अर्धी गिटारच्या डोक्याला बांधली, अर्धी त्याला दिली. “तीन महिन्यांनी येतो,” म्हणाला आणि गेला.

वायर सैल झाली होती. दहा मिनिटांत काम झालं. मी तपासणीची धून वाजवली, आणि भांडी घेऊन उतरणाऱ्याचा पाय पहिल्यांदाच घसरला नाही. आवाज असा गोड आणि जरासा नाकातला, शेजारच्या खोलीत कुणीतरी आपल्याबद्दल चांगलं बोलत असावं तसा. मी ती परत वाजवली. बाबांनी कानस थांबवून माझ्याकडे पाहिलं. मी स्क्रू शोधतेय असं दाखवलं.

तीन महिने झाले, पंजा आला नाही. चार झाले. हिरवी विसरलेल्यांच्या भिंतीवर गेली. चिठ्ठीवर फोन नंबर होता. मी फोन केला. म्हणजे एकदाच केला, जेवणाच्या वेळी, आणि तीनदा वाजू दिला. याला फोन करणं म्हणतात की नाही यावर मी स्वतःशी बराच वाद घातला आणि जिंकले.

विसरलेली वाद्यं रोज सकाळी थोडी थोडी वाजवायची, हीसुद्धा बाबांचीच रीत. हात लागला नाही की वाद्य रुसतं म्हणे. त्या भिंतीवर हिरवीखेरीज एक मँडोलिन होतं आणि पोट गळणारा एक अकॉर्डियन. मँडोलिनला मी एक मिनिट द्यायचे, अकॉर्डियनला त्याच्या तोंडावर दार लावल्यासारखं अर्धं, आणि हिरवीला पाऊण तास.

आता जे झालं ते एकदम झालं नाही, हे मी आधीच सांगून ठेवते. आधी मी तारांची उंची केसभर कमी केली. तारा कुठल्याही गिटारच्या कमी करतात, त्यात काय. मग फ्रेटच्या कडा बोटाला लागत होत्या, त्या गोल केल्या. मग मानेच्या मागचा पॉलिशचा थर हाताला चिकटतोय असं वाटलं, तो काढला. थर निघाल्यावर खालचं लाकूड जरा खरखरीत लागलं, ते घासलं. घासल्यावर मान एका बाजूनं जाड वाटली, म्हणून दुसऱ्या बाजूनं घासली, मग पहिली बाजू जाड वाटायला लागली. खांद्यावरच्या पट्ट्याची खुंटी माझ्या उंचीला चुकीच्या जागी होती, ती हलवली. आवाजाची बटणं बदलली. पाठीवरचे ओरखडे म्हणजे दुकानाच्या अब्रूचा प्रश्न, तेही घासून चकचकीत केले.

“किती किसशील?” बाबा एकदा म्हणाले. “गाजर आहे का ते, मालकीणबाई?”

मालकीणबाई हे त्यांनी मला चिडवायला ठेवलेलं नाव. ज्या बाईच्या मालकीचं काहीच नाही तिला दुसरं काय म्हणणार, असं त्यांचं म्हणणं.

दहाव्या महिन्यात एका सकाळी मी डाव्या हातानं मान धरली आणि बोटं आपोआप जिथल्या तिथे पडली. ताणावं लागलं नाही. पायात आपली चप्पल जावी तितकं सोपं झालं. चाळिशीला आले तेव्हा मला कळलं की वाजवताना दुखायला नको असतं. त्या दिवशी मी ठरवलं की ही गिटार माझी. शाळेला नाही, सुट्या भागांना नाही, माझी. बाबांच्या दुसऱ्या नियमाशी मी भांडणार होते. मुद्देसुद्धा तयार केले होते.

वर्ष भरलं मंगळवारी. म्हणजे बुधवारी संध्याकाळी सातला दुकान बंद झालं की हिरवी सुटली. बुधवारी सकाळपासून माझा एक डोळा घड्याळावर होता. टेबलाखाली नवी कोरी पिशवी आणून ठेवली होती. दारावरची घंटी वाजली की मी आधी आत येणाऱ्याचे हात बघायचे. एकदा पोस्टमन आला, एकदा तारा घ्यायला दोन मुली आल्या. चार वाजता चहा ओतून घेतला, जरा जीव भांड्यात पडला, आणि घंटी वाजली.

आधी हात आत आला, मग पंजा.

“काय हो ताई, ओळखलंत का?” तो दारातूनच हसला. “तीन महिन्यांचं वर्ष झालं बघा. कंपनीनं सोडलंच नाही. बोटीवरून परस्पर दुसऱ्या बोटीवर. आहे ना माझी गिटार?” आणि त्यानं चिठ्ठीचा मळका अर्धा तुकडा काउंटरवर ठेवला.

माझ्या तोंडात नशिबानं स्क्रू होते. मी हिरवी उतरवली, अँप्लिफायरला जोडली आणि रीतीप्रमाणे त्याच्यासमोर धून वाजवली. रीत अर्ध्या मिनिटाची. मी बहुतेक तीन मिनिटं वाजवली. शेवटचीच वेळ होती.

“वा,” तो म्हणाला. “हात गोड आहे तुमचा.” मग त्यानं गिटार घेतली, पट्टा खांद्यावर टाकला आणि वाजवायला गेला. दाराला हात घालावा आणि कडीच जागेवर नसावी तसा त्याचा चेहरा झाला. बोटं एकमेकांवर चढत होती. त्यानं थांबून परत सुरुवात केली, परत अडखळला. गिटार उलटी केली, पाठीवरून अंगठा फिरवला.

“ही माझी नाही,” तो म्हणाला.

“नाही?” मी म्हटलं.

शपथेवर सांगते, मी एवढंच म्हटलं. खोटं बोलायला मला काही करावंच लागलं नाही, सगळं तोच बोलत गेला. “रंग तोच आहे हो. पण या रंगाच्या तेव्हा शेकड्यानं निघाल्या होत्या. माझीची मान चांगली भरगच्च होती. बटणं निराळी होती. आणि पाठ म्हणजे… नाही, नाही. चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली असणार. माझी नेली कुणीतरी.” त्यानं पाटीकडे पाहिलं. “तुम्हाला तरी काय बोलणार? मीच वर्षभर फिरकलो नाही. चूक माझीच.” हिरवी त्यानं अलगद काउंटरवर ठेवली, तिच्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाला, “बरं.”

आणि गेला. घंटी वाजली. मागे बाबांची कानस चालू होती ती थांबली.

मला आनंद झाला. कशाला लपवू? पायाच्या अंगठ्यापासून आनंद झाला. मी चहाचे दोन घोट घेतले. मग हिरवी उचलली, पहिल्यांदाच ती आपली म्हणून उचलली, आणि काय वाजवावं ते सुचेना. पाऊण तास न थांबणारी मी, पण एक सूर लागेना. काउंटरवर त्याच्या चिठ्ठीचा अर्धा तुकडा पडला होता. गिटारच्या डोक्याला दुसरा अर्धा. दोन्हींच्या फाटलेल्या कडा मी एकमेकींना लावून पाहिल्या. कशासाठी पाहिल्या कुणास ठाऊक, मीच तर फाडली होती. बाबांची कानस अजून गप्प होती. त्यांनी काहीतरी बोलावं म्हणून मी त्यांच्याकडे रागानं पाहिलं. ते खिडकीजवळ पाठमोरे उभे होते.

“असं गप्प राहून माझ्या डोक्यावर मिरी वाटू नका!” मी ओरडले. आणि मी एप्रनसकट, गिटारसकट बाहेर पळाले.

स्टॉपवर सात-आठ जणांची रांग होती आणि बस वळणावर दिसत होती. त्याचं नाव मला आठवेना. चिठ्ठीवर होतं, पण पळताना कोण वाचणार. “थांबा! अहो पंजा!” मी ओरडले. “पंजा, थांबा!”

सगळी रांग वळली, तोही वळला.

“ही तुमचीच आहे,” मी धापा टाकत म्हटलं.

“ताई, मघाशी तर…”

“तुमचीच आहे. मी बदलली. मान किसली. तारा खाली आणल्या, बटणं बदलली, पट्ट्याची खुंटी हलवली. वर्षभर रोज थोडं थोडं.”

“पण का?”

“माझ्या हाताच्या मापाची करायला. तुम्ही येऊच नये असं मला वाटत होतं.”

रांगेत भाजीची पिशवी घेतलेली एक म्हातारी होती. “अगं बाई,” ती म्हणाली. “रोज?”

“रोज,” मी तिला म्हटलं. “सकाळी. उघडायच्या आधी.”

“आणि मागचे ओरखडे?” पंजानं विचारलं. त्याचा आवाज अगदी बारीक झाला होता.

“घासून पॉलिश केले.”

“सगळे?”

“सगळे.”

त्यानं गिटार घेतली, उलटी केली आणि चकचकीत पाठीकडे पाहत राहिला. मला वाटलं, आता हा रडणार किंवा मला मारणार, आणि ते हात बघता मला त्याचं रडणं परवडलं असतं. त्याचे खांदे हलायला लागले. माणूस हसत होता. इतका हसला की त्याला स्टॉपच्या खांबाला धरावं लागलं.

“माझा मोठा भाऊ,” तो डोळे पुसत म्हणाला. “वडिलांनी आम्हा दोघांत ही एक घेतली. सकाळी तो, संध्याकाळी मी. दोन वर्षांत त्यानं सोडून दिली. आज तो दातांचा डॉक्टर आहे. पस्तीस वर्षं गिटारला हात लावलेला नाही, पण दर भेटीला ती उलटी करतो आणि म्हणतो, हे बघ माझ्या पट्ट्याच्या बकलाचे ओरखडे. गिटार खरी माझी, तुला नुसती वापरायला दिलीय. पस्तीस वर्षं ऐकतोय हो ताई!”

“मग पुरावाच गेला की आता,” म्हातारी म्हणाली.

“गेला की!” पंजा म्हणाला आणि परत खांब धरला.

तेवढ्यात बस येऊन निघूनही गेली. ती पंजाची चुकली, म्हातारीची चुकली आणि तोंड उघडं टाकून ऐकणाऱ्या आणखी दोघांची चुकली. हसू ओसरल्यावर तो गंभीर झाला. “पण मान हो? या मानेवर माझी बोटं नाचत नाहीत, धक्काबुक्की करतात. महिन्यानं परत बोटीवर जायचंय.”

“नवी करून देते,” मी म्हटलं. “तीन आठवडे. तुमच्या मापाची. आणि त्याचे काही देऊ नका, नाहीतर मी भांडेन.”

मी परत आले तेव्हा बाबा अजून खिडकीशीच होते. “चहा गार झाला तुझा,” एवढंच म्हणाले आणि कानस उचलली.

तीन आठवडे मी लाकडाला चिकटून होते. पंजाला बोलावून त्याचे हात कागदावर ठेवून पेन्सिलीनं आखून घेतले. एक कागद पुरला नाही, दोन जोडावे लागले. नवी मान अशी झाली की माझ्या मुठीत ती अर्धीसुद्धा मावेना. मग हिरवीच्या मानेचे चार स्क्रू काढले, माझी किसलेली मान बाजूला ठेवली आणि नवी बसवली. स्क्रू फिरवताना मला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. पण काम चांगलं झालं होतं आणि त्याचाही राग येत होता.

न्यायला पंजा भावाला घेऊन आला. भाऊ किडमिडीत आणि अत्यंत नीटनेटका. मी धून वाजवली, म्हणजे त्या जाड मानेवर झेपेल तेवढी वाजवली. पंजानं गिटार घेतली आणि बोटं टाकली. या वेळी कडी जागेवर होती. असं काही वाजवलं की अकॉर्डियनसुद्धा भिंतीवर हुंकारला. मग त्यानं अगदी सहज गिटार भावाच्या हातात दिली.

भावानं ती उलटी केली. परत सुलटी केली. चष्मा पुसला, परत उलटी केली.

“ही ती नव्हेच,” तो म्हणाला.

“नव्हे ना?” पंजा म्हणाला. “या ताई साक्षीदार आहेत हं. तूच म्हणालास, ही तुझी गिटार नव्हेच.”

भावाला आपण काय बोलून बसलो ते कळायला दोन क्षण लागले. “अरे, म्हणजे तसं नाही…”

“झालं! पस्तीस वर्षांनी झालं!”

दोघं भांडतच दारापर्यंत गेले. मी जुनी मान घेऊन मागे धावले. ती त्याची होती, चिठ्ठी तर तिच्याच डोक्याला बांधली होती.

“ती तुमच्या मापाची,” पंजा म्हणाला. “मी काय करू तिचं, पाठ खाजवू? ठेवा तुम्हाला.” भाऊ तेवढ्यात बाहेरून म्हणत होता की ओरखडे नसले तरी तो खटला सोडणार नाही.

तर अशी मला गिटारची मान मिळाली. नुसती मान. तारा नाहीत, धड नाही, आवाज नाही. मी ती टेबलावरच्या खिळ्याला टांगली. कधी कधी गिऱ्हाईक नसलं की हातात घ्यायचे आणि बोटं टाकायचे. बोटं जिथल्या तिथे पडायची आणि काही वाजायचं नाही. बाबा बघायचे. आपण किती शहाणे नियम केलेत असा त्यांचा चेहरा असेल म्हणून मी त्यांच्याकडे बघायचे नाही.

त्या दिवसांत बाबा दुकानात माझ्या आधी यायला लागले. झोप येत नाही म्हणायचे. मी विशेष लक्ष दिलं नाही. मग एका सकाळी मी त्यांचा चहा नेहमीप्रमाणे त्यांच्या टेबलाच्या डाव्या कोपऱ्यावर ठेवला आणि कप सरळ खाली गेला. खळ्ळकन फुटला. मी वाकून पाहिलं. टेबलाचा कोपराच नव्हता. टेबल हातभर आखूड झालं होतं, कापलेल्या कडेचं लाकूड ताजं दिसत होतं.

“बाबा, टेबल कुठे गेलं?”

बाबांनी खालून कापडात गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि परत आत ढकलायला गेले, पण मी ते धरलं. गिटारचं धड होतं. जुन्या फळीचं, कडा घासून मऊ केलेल्या. तारांचा आवाज पकडणाऱ्या पिकअपच्या खाचा कोरून झाल्या होत्या, आणि पिकअपची तार त्यांनी स्वतः गुंडाळली होती. मानेसाठी खोबण होती आणि तिला चार भोकं.

“तुमचाच नियम आहे,” मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. “दुरुस्ती करणाऱ्यानं स्वतःचं वाद्य ठेवू नये.”

“नियम एका बाईमुळे झाला,” बाबा म्हणाले. ते माझ्याकडे न बघता कपाचे तुकडे गोळा करत होते. “तू झाली नव्हतीस. तेव्हा पाटीवर नुसतं वर्ष होतं. एक तपकिरी गिटार होती, तिच्यावर माझा जीव जडला. वर्ष भरलं, मी ती घरी नेली, पलंगाखाली ठेवली. दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं तर ती बाई दारात उभी. म्हणाली, आजारी होते, एक दिवस उशीर झाला. मी म्हटलं, विकली गेली.”

“आणि?”

“म्हणाली, बरं. आणि त्या स्टॉपवर जाऊन उभी राहिली. बस यायला बराच वेळ लागला. मी इथूनच बघत होतो. गेलो नाही.” त्यांनी तुकडे कागदात बांधले. “त्यानंतर ती गिटार हातात घेतली की मला काही वाजवायला सुचायचं नाही. शेवटी देऊन टाकली. पाटीवर एक दिवस वाढवला. आणि तुला जे सांगितलं ते सांगितलं. माझ्याकडून झालं नाही ते तुझ्याकडूनही होणार नाही असं धरून चाललो. मग परवा तू पळालीस.”

चाळीस वर्षं ज्याला मी शहाणपण समजत होते ते एका बाईच्या ‘बरं’मधून आलं होतं. मला त्यांचा राग आला, आणि त्याहून जास्त माया आली, आणि दोन्ही एकदम आलं की मी करते तेच केलं. “कप नवा आणा,” म्हटलं आणि कामाला लागले.

आठवड्यानं एका दुपारी बाबांनी मला हाक मारली. मान धडाला बसली होती, तारा चढल्या होत्या. धडाला त्यांनी रंग दिला नव्हता. फळीवर होतं ते सगळं तसंच होतं, सोल्डरचे चटके, करवतीचे काप, आणि बरोबर मधोमध कपाचा गोल डाग.

“घासलं नाही,” बाबा म्हणाले. “पुरावा राहू दे.”

मी हात पुढे केला. त्यांनी गिटार मागे घेतली. “तिकडे. गिऱ्हाईक तिकडे उभं राहतं.”

मी काउंटरच्या पलीकडे गेले. एकवीस वर्षांत त्या बाजूला मी फक्त झाडायला थांबले होते. तिथून दुकान लहान दिसतं आणि बाबा म्हातारे दिसतात. त्यांनी अँपला वायर जोडली आणि धून वाजवली. माझ्या मापाच्या मानेवर त्यांची लांब बोटं गोंधळत होती. तीन ठिकाणी चुकले, आणि धून मला पहिल्यांदाच सुरेख वाटली. मग त्यांनी चिठ्ठी लिहिली, फाडली, अर्धी गिटारच्या डोक्याला बांधली आणि अर्धी मला दिली. बिघाड: काही नाही. मालक: मालकीणबाई.

मला रडू आलं. मी लपवलं नाही, स्क्रूही नव्हते तोंडात.

“बरं, आता घेऊन जा,” बाबा म्हणाले.

“कुठे? आत्ता? अजून दोन गिटारी व्हायच्यात माझ्या.”

“नेलेली वस्तू आपण दुकानात ठेवत नाही. घरी जा.”

आणि मला खरंच बाहेर काढलं. घंटी वाजली. भर दुपारी एप्रन घालून, काखेत टेबलाची गिटार धरून मी स्टॉपवर उभी राहिले. मागे वळून पाहिलं तर बाबा खिडकीत होते. स्टॉपच्या बाकावर भाजीची पिशवी होती आणि पिशवीमागे ती म्हातारी. तिनं मला ओळखलं, आधी गिटारकडे पाहिलं, मग कपाच्या डागाकडे, मग माझ्या डोळ्यांकडे.

“या वेळी कुणाची?” तिनं विचारलं.

“माझी,” मी म्हटलं.

तिनं बाकावर सरकून मला जागा केली आणि पिशवी मांडीवर घेतली. “मग सांग बघू,” ती म्हणाली, “आली कशी तुझ्याकडे?”

बस आली आणि गेली. आमच्या दोघींची चुकली.